चेहऱ्याची मालकीण

बुनेमीचा माणसांवर विश्वास नव्हता, एवढं म्हणून भागणार नाही. तिचा मासळीवरही नव्हता. "आत्ताच धरलाय" म्हणून कुणी मासा पुढ्यात ठेवला, की ती आधी कल्ला उचलून आत बघायची, मग वास घ्यायची, मग आणणाऱ्याचं तोंड निरखायची आणि मगच म्हणायची, "ठेव तिथं." एकदा भर प्रार्थनेत उभी राहून तिनं पाद्रीबाबांना विचारलं होतं, "हे पुस्तकात लिहिलंय, की तुमच्या पदरचं?" तेव्हापासून पाद्रीबाबा तिच्याकडे पाठ येईल असं उभं राहून प्रवचन करायचे. गावातली पोरं म्हणायची, बुनेमीआत्याला सूर्य उगवला म्हणून सांगा, ती बाहेर जाऊन बघून येईल.

आणि नेमकं याच बाईच्या हातात आमच्या लुवेबा गावातलं निम्मं रूप. थट्टा नाही करत. सख्खा भाऊ तिला एकच, पण मावसभाऊ धरले तर आठ-नऊ. आणि भावांच्या पोरांना नटवणं हे आत्याचं काम. आईचं नाही. मावशीचं तर नाहीच नाही.

आता आमच्या किरिविना बेटावर हे कुणाला सांगायला लागत नाही, पण सांगून टाकतो. आमच्याकडे रक्तमांस सगळं आईच्या कुळाचं. जमीन मामाची, घरात कंद येतात ते मामाच्या मळ्यातले. पोर येतं तेसुद्धा आईकडच्या पूर्वजांच्या बेटावरून, असं म्हातारी माणसं सांगतात. दवाखान्यातली नर्स वेगळं सांगते. ते भांडण त्यांचं त्यांनी मिटवावं. पण मग बापाचं पोरात काय? तर चेहरा. बाप बाळाला घेऊन निजतो, हातानं भरवतो, खांद्यावर खेळवतो, आणि त्याच्या सहवासानं चेहरा त्याच्यासारखा घडतो. म्हणून बाळ बघायला आलेल्या पाहुण्यानं आधी "अगदी बापावर गेलंय हो" म्हणायचं आणि मग बूड टेकायचं. मामासारखं दिसतं म्हणालात तर काठी खाल. आणि दोघं भाऊ एकमेकांसारखे दिसतात, बहीण भावासारखी दिसते, हे तर तोंडातून काढायचंच नाही. ती शिवी. चारचौघांत लुगडं फेडावं तशी शिवी. दोघंही भाऊ बापासारखे, पण एकमेकांसारखे नाहीत. ते कसं? तसंच! शाळेवर आलेला एक नवा मास्तर हौसेनं म्हणून गेला, "हे दोघे बहीण-भाऊ ना? एका साच्यातले वाटतात." तीन दिवस त्या बिचाऱ्याला गावातून कुणी जेवण पाठवलं नाही, आणि का पाठवत नाहीत हे सांगायलाही कुणी धजलं नाही.

तर चेहरा बापाकडचा, म्हणून त्याची निगा बापाच्या बहिणीकडे. सुगीचे नाच आले की पोरीबाळी आपापल्या आत्याच्या दारात. आत्या त्यांना खडकातल्या डोहावर नेणार, खोबऱ्याच्या दुधानं अंग चोळणार, मोत्याच्या शिंपल्यानं गाल घासणार, तेल लावणार, आणि हे सगळं करताना तोंडानं मंत्र पुटपुटणार. त्या मंत्रानं रूप उजळतं. आत्यानं हात लावला नाही तर पोरगी नाचायला जाऊ शकते, कुणी पाय धरून ठेवत नाही; पण सगळं गाव समजतं की बापाच्या माणसांनी हिला टाकली. मग नाकीडोळी कितीही नीटस असो.

बुनेमी स्वतः रूपानं बेताचीच. तिच्या पहिल्या नाचाच्या वेळी तिची आत्या सुपारी चघळत, डुलक्या घेत मंत्र म्हणत होती, आणि मधल्या दोन ओळी तिनं गिळल्या, असं बुनेमीच्या मनानं घेतलं. त्या नाचात तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही. पुढं लग्न झालं, नवरा चांगला होता, तरी "तुला माझ्यात काय दिसलं?" हे ती त्याला वीस वर्षं विचारत राहिली आणि त्यानं दिलेलं एकही उत्तर तिला पटलं नाही. तो वारल्यावर ती मुलाला घेऊन लुवेबाला परत आली, भावाच्या घरापासून चौथ्या घरात राहिली.

तो सख्खा भाऊ तोमसिबा. अबोल, रुंद नाकाचा, सपाट हनुवटीचा, सदा कुणाची तरी होडी दुरुस्त करत बसलेला. त्याच्यावर मात्र ती जीव टाकायची. आमच्याकडे बहीण-भावांनी फार जवळ बसायचं नाही, हसायखिदळायचं नाही. तेव्हा जीव टाकायचा म्हणजे लांबून. वहिनीला, म्हणजे कदिसाला, तिनं पहिल्या दिवसापासून पाण्यात पाहिलं. नणंद-भावजयीचं हे काही नवीन नाही.

तोमसिबाला पोर एकच, इलोवेना. आणि बुनेमीच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा संशय तोच.

झालं होतं असं. तोमसिबा शंखांच्या हारांच्या अदलाबदलीसाठी होड्यांबरोबर दूरच्या बेटांवर गेला होता. वारा फिरला, होडीची डोलकाठी मोडली, तिथंच अडकला. तेवढ्या महिन्यांत वाबुता गावचा होडीवाला मोसिवाना कंदांच्या बदल्यात मासळी घेऊन वरचेवर लुवेबाला यायचा आणि कदिसाच्या अंगणात सुपारी खाऊन जायचा. मासळी देऊन चालतं व्हावं, तर हा बसायचा. तोमसिबा परतला, आणि त्यानंतर आठव्या महिन्यात इलोवेना झाली. काही पोरं लवकर येतात, मान्य. बुनेमी बाळ बघायला गेली, "अगदी तोमसिबा हो" म्हणाली, दिव्याच्या उजेडात वाकली, आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. बाळाच्या हनुवटीवर खळी होती. अंगठा दाबून ठेवावा तशी. आणि तशी खळी तिनं एकाच माणसाच्या हनुवटीवर बघितली होती, मासळीचा भारा उतरवताना.

झाकली मूठ सव्वा लाखाची. ती काही बोलली नाही. निदान अठरा वर्षांत एकाच बाईशी बोलली, शेजारच्या इनुमाशी, आणि तेही "तुला म्हणून सांगते" असं म्हणून. इनुमाशी बोलणं म्हणजे देवळाची घंटा वाजवणं, हे तिला कळायला हवं होतं. दुसऱ्यांवर एवढा संशय घेणारी बाई इथंच कशी फसली, देव जाणे.

पोर वाढली. बुनेमी तिला लहान पोरांच्या नाचासाठी तेल लावायची तेव्हा बोटांनी चेहरा चाचपून बघायची. कपाळ? कपाळ कुणाचंही असू शकतं. नाक थोडं तोमसिबाचं वाटे, मग वाटे आपल्याला वाटावंसं वाटतं म्हणून वाटतंय. हनुवटीवर बोट आलं की ते त्या खळीत रुतायचं आणि तिचा जीव आंबट व्हायचा. आपला भाऊ फसला. त्याला दिसत कसं नाही? की दिसतं आणि गप्प आहे? तोमसिबा तर पोरीला खांद्यावर घेऊन गावभर हिंडायचा, होडीत घेऊन जायचा. भोळा सांब नुसता.

मग तोमसिबा छातीच्या दुखण्यानं गेला. सुतक कुणी पाळायचं? आमच्याकडे सख्ख्या बहिणीनं नाही, बायकोनं आणि पोरांनी. मेलेल्याच्या कुळातली माणसं सुतकाची मालक होऊन बसतात. डोकं भादरून, अंगाला काजळी फासून, काळे कपडे घालून कुरूप व्हायचं ते बायकापोरांनी. ते रूप परत केव्हा मिळणार, हेही मेलेल्याच्या बहिणीच्या हातात. बहीण केळीच्या पानांच्या जुड्या, म्हणजे आमच्या बायकांचं धन, वाटून समारंभ करील, काजळी धुऊन काढील, तेव्हा. कदिसा लेकीला घेऊन तिच्या मामाच्या गावी राहायला गेली. इलोवेना सोळा वर्षांची होती. बरोबरीच्या पोरी फुलं माळून फिरायच्या आणि ही टकलू, काळी, खाली मान घालून. बुनेमीनं समारंभाला एक वर्ष लावायचं तिथं दोन लावली. केळीची पानं कमी पडली म्हणाली. इनुमा म्हणाली, "अगं, पानं कमी पडली की मन?" बुनेमीनं तिला झिडकारलं, "तू तुझी चूल बघ."

शेवटी दोन वर्षांनी, सुगीआधी, तिनं काजळी धुतली. केस बोटभर वाढले. आणि नाचाच्या आदल्या दिवशी इलोवेना तासभर चालून लुवेबाला आली, आत्याच्या दारात बसली, सुपारीचा घड पुढं ठेवला.

बुनेमीनं घड उचलून फिरवून बघितला. "चांगल्या आहेत सुपाऱ्या. एवढ्या चांगल्या का?"

"तुला आणायच्या म्हणून निवडून आणल्या."

"आईनं पाठवलंय का?"

"मी आलेय. उद्या मला नाचायचंय, आत्या. दोन वर्षं नुसती बघत बसले."

"तुझ्या मामाच्या गावात बायका नाहीत होय तेल लावायला?"

इलोवेनानं तिच्याकडे सरळ बघितलं. "मामाच्या गावातल्या बायकांनी लावलं तर लोक काय म्हणतील, तुला ठाऊक नाही?"

ठाऊक नसायला काय झालं! बुनेमीनं सुपारी फोडली, चुना लावला आणि गालात धरली. नाही म्हणावं तर पोर उघड्यावर पडते. हो म्हणावं तर आपल्या कुळाचा मंत्र, आपल्या मेलेल्या भावाचं नाव, त्या मासळीवाल्याच्या पोरीवर ओवाळून टाकायचं? मंत्रात शेवटच्या आधी एक ओळ असते. उजळतो, उजळतो, अमक्याचा चेहरा उजळतो. तिथं बापाचं नाव घ्यायचं. नाव घेतलं की बापाच्या कुळानं पोर त्याची म्हणून मानली. बुनेमीनं मनाशी ठरवलं: तेल लावू, शिंपला फिरवू, लोकांना दिसायचं ते दिसू दे; ती ओळ तेवढी गाळू. पुटपुटलेलं कुणाला कळतंय?

"सकाळी लवकर ये," ती म्हणाली. "आणि काही खाऊन येऊ नकोस."

सकाळी दोघी खडकातल्या डोहावर गेल्या. पाणी गार होतं. बुनेमीनं खोबरं पिळलं, पोरीचं अंग चोळलं, सुवासाच्या पाल्यानं पाठ पुसली, समोर बसवून शिंपला हातात घेतला. रूप होतं पोरीला, आता खोटं कशाला बोला. दोन वर्षांच्या काजळीखालून अंग तुकतुकीत निघालं होतं. बुनेमीला त्याचाही संशय आला. सुतकात एवढी कांती? चोरून तेल लावायची की काय ही?

तिनं मंत्र सुरू केला. ओठ हलवत, श्वासात. कपाळ उजळतं, भुवई उजळते. गाल उजळतो, दात उजळतात. शिंपला गालावरून खाली, हनुवटीवर आला. तिथं ती क्षणभर घुटमळली, एक ओळ सोडली आणि शेवटच्या ओळीवर गेली.

इलोवेनाचे डोळे मिटलेले होते. ती तशीच म्हणाली, "बाबा म्हणाले होते, आत्या इथं थांबेल."

बुनेमीच्या हातातला शिंपला पाण्यात पडला.

"काय म्हणालीस?"

"शेवटच्या दुखण्यात बाबांनी मला सगळा मंत्र शिकवला. म्हणाले, आत्या एका जागी नाव घेणार नाही. नाही घेतलं तर नको घेऊ दे. रागावू नकोस तिच्यावर. तिची नजर पक्की आहे."

बुनेमीला आधी आला तो राग. सणसणीत राग. मंत्र कुळाचा! तो बहिणीच्या पोराला द्यायचा, भाच्याला. बापानं आपल्या पोराला कुळाचा मंत्र देणं म्हणजे घरातलं उचलून बाहेर देणं. बाप प्रेमानं आंधळे होतात आणि देतात, यावरून आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या भांडणं आहेत. पण तोमसिबानं? आणि हिला?

"त्यानं तुला दिला? मला न विचारता?"

"हो."

"आणि नजर पक्की आहे म्हणाला? म्हणजे त्याला..."

इलोवेनानं डोळे उघडले. "मला काय विचारतेस, आत्या? मला एवढंच ठाऊक आहे, मला कळायला लागल्यापासून रोज सकाळी बाबा खोबरेल घेऊन माझी हनुवटी चोळायचे. दोन्ही अंगठ्यांनी, अशी खालून वर. दुखायचं मला. मी रडायचे. एकदा विचारलं, बाबा, कशाला? तर म्हणाले, बापानं घडवायचा असतो चेहरा, मी घडवतोय. चौदा-पंधरा वर्षांची होईपर्यंत चोळत होते. खळी काही बुजली नाही."

बुनेमीला रडू येत होतं आणि रडताना दिसायचं नव्हतं. म्हणजे भोळा नव्हता तर! सगळं बघत होता. माझ्याआधी बघत होता. आणि मला एक शब्द बोलला नाही. मीही नाही बोलले. पण मग लगेच तिच्या मनात दुसरा किडा वळवळला. ही पोरगी खरं सांगतेय कशावरून? मेलेल्या माणसाच्या नावावर काय वाटेल ते खपतं. आईनं पढवून पाठवलं असेल. मंत्र आईनंच कधी ऐकून ठेवला असेल.

"म्हणून दाखव," ती म्हणाली.

इलोवेनानं म्हणून दाखवला. एकही शब्द इकडचा तिकडे नाही. तोमसिबाला "भुवई" म्हणताना मध्येच श्वास घ्यायची खोड होती, तो श्वासही तिथंच.

बुनेमी उठली. पाण्यातला शिंपला काढला, पोरीच्या केसांना तेल लावलं, लाल रंगानं गालावर रेघा ओढल्या, लाल पानांचा घागरा नीट केला. काम चोख केलं. ती ओळ मात्र तिनं म्हटली नाही.

"झालं. जा."

"आत्या..."

"झालं म्हटलं ना!"

दुपारी लुवेबाच्या पटांगणात माणूस मावत नव्हता. कोठारं कंदांनी भरलेली, ढोल तापवून ठेवलेले, आजूबाजूच्या गावांची माणसं चटया टाकून बसलेली. बुनेमी आपल्या जागेवर बसली आणि सवयीनं एकेक तोंड निरखू लागली. समोरच्या रांगेत तिला वाबुत्याची बोकेयाला दिसली. मोसिवानाची बहीण. अंगभर पावडर मारून, नवा हार घालून, हातात पांढऱ्या फुलांचा गजरा घेऊन अगदी पुढं बसलेली.

"ही इथं कशाला?" बुनेमीनं इनुमाला विचारलं. "वाबुत्याचा नाच परवा आहे ना?"

"नाच बघायला आली असेल," इनुमा तिच्याकडे न बघता म्हणाली.

"गजरा घेऊन?"

नाचणारीच्या केसांत पहिल्या फेरीनंतर फुलं माळायचा मान आत्याचा. बोकेयालाच्या कुठल्याच भावाची पोर आज नाचत नव्हती. बुनेमीनं इनुमाकडे बघितलं, इनुमानं पायाची बोटं बघितली, आणि अठरा वर्षांपूर्वीचं "तुला म्हणून सांगते" कुठवर चालत गेलं, हे बुनेमीला लख्ख कळलं.

ढोल वाजला. पोरी बाहेर आल्या, आणि बघणाऱ्यांमधून एक हुंकार उठला. इलोवेना तिसरी होती, पण पहिल्या दोघी कुणाला दिसल्याच नाहीत. दोन वर्षं काळी होऊन खाली मान घालून बसलेली पोर उन्हात मान वर करून नाचत होती. बुनेमी दोष शोधत राहिली. पाऊल जरा उशिरा पडतंय. डावा हात आखडतोय. काही केल्या मन भरेना, आणि काही केल्या नजर हटेना.

सुतकात होती तेव्हा तिला आपली म्हणायला वाबुत्याहून कुणी आलं नव्हतं. आज आले. रूप उजळलं की नातेवाईक उगवतात!

फेरी संपली. पोरी धापा टाकत उभ्या राहिल्या. बुनेमी गुडघ्यावर हात ठेवून उठेपर्यंत बोकेयाला पटांगणात पोचली होती.

"बाई गं बाई, काय हे रूप!" ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "ओळखीचं वाटतंय मला. काय हो लुवेबावाल्यांनो, कुणाचा म्हणायचा हा चेहरा?"

ढोलवाल्यांचे हात थांबले. इलोवेनाचा चेहरा उतरला. तिला कळलं होतं काय चाललंय. आमच्याकडे चारचौघांत अशी लाज गेली की माणूस माडावर चढून खाली उडी टाकतं. झालेलं आहे, आमच्या आजोबांच्या वेळी.

"तोमसिबाचा," बुनेमी म्हणाली. पण आवाज कच्चा निघाला.

"असं होय?" बोकेयाला हसली. गजरा तिनं वर धरला होता. "तोमसिबाला मीही बघितलंय की, आत्याबाई. त्याला कुठं होती ही खळी? आणि तुमचीच नजर पक्की म्हणतात ना? मग सांगा की खरं. तुम्ही म्हणाल ते खरं धरू."

मागून कुणी तरी फिसकन हसलं. मग आणखी एक. बोकेयालाचा हात इलोवेनाच्या केसांकडे गेला. पोर मागं सरकली नाही, पुढंही नाही. नुसती आत्याकडे बघत राहिली. त्या बघण्यात मागणं नव्हतं. नको घेऊ दे नाव, रागावू नकोस, असं बापानं सांगून ठेवलेली पोर ती.

बुनेमी पटांगणात गेली. बोकेयालाचं मनगट धरून तिनं बाजूला केलं, पोरीच्या गालाला गाल लावून उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"माझा."

कुणाला काही कळलं नाही.

"माझा चेहरा आहे हा. माझ्यावर गेलीय पोर. मी आणि तोमसिबा, आम्ही दोघं बहीण-भाऊ एकसारखे दिसायचो. एका तोंडाचे होतो. खळी मलाही होती, आता सुरकुत्यांत गेली. ज्याला ताडून बघायचंय त्यानं इथं येऊन बघावं. ये गं बोकेयाला, बघ! माझ्या तोंडाकडे बघ आणि माझ्या भावाचं तोंड आठव!"

पटांगणातल्या साऱ्या माना एका झटक्यात खाली गेल्या. बायकांनी तोंडावर हात घेतले. एक म्हातारा "अरे देवा, अरे देवा" म्हणत उठून चालू लागला. बहिणीनं स्वतःच्या तोंडानं, भर सभेत, मेलेल्या भावाबद्दल! आता त्या चेहऱ्याकडे निरखून कोण बघणार? बघितलं म्हणजे बुनेमीशी ताडून बघितलं, आणि ताडून बघणं म्हणजे त्या शिवीत वाटेकरी होणं. बोकेयाला दोन पावलं मागं गेली. तिची मानही खालीच होती. गजरा तिनं हातातच चुरगाळला आणि ती आपल्या चटईकडे न जाता थेट वाबुत्याच्या वाटेला लागली.

बुनेमीला ते महागात पडलं. तिच्या मुलानं पुढं तीन महिने तिच्या हातचं अन्न घेतलं नाही. मावसभावांनी त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी आपल्या पोरी दुसऱ्या बहिणींकडे पाठवल्या. ज्या बाईच्या तोंडाला काही धरबंध नाही तिच्या तोंडचा मंत्र नको म्हणाले. पाद्रीबाबांनी या विषयावर प्रवचन केलं, आणि बुनेमीनं या खेपेला मध्ये उठून काही विचारलं नाही.

ते पुढचं झालं. त्या दुपारी गाव खाली माना घालून बसलं होतं आणि पटांगणाच्या मधोमध दोघीच उभ्या होत्या. बुनेमीनं पोरीच्या कपाळावरचा घाम पुसला, गालावरची पुसट झालेली रेघ बोटानं परत ओढली.

"आत्या," इलोवेना हळूच म्हणाली, "खरंच का गं मी तुझ्यासारखी दिसते?"

बुनेमीनं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून उन्हाकडे वळवला आणि कधी नव्हे इतकं निरखून बघितलं.

"नाही," ती म्हणाली. "जराही नाही."

"आणि बाबांसारखी?"

"मला नाही दिसत, पोरी. अठरा वर्षं शोधतेय."

"मग असं का म्हणालीस?"

"तो रोज सकाळी चोळत बसायचा, त्याला विचारलंस का असं?" बुनेमी खेकसली. "त्यानं त्याचं काम केलं, मी माझं केलं. हो पुढं. आणि डावा हात मोकळा सोड, मघापासून आखडतेयस."